फायरमनला धुराचा आजार जडला, तर भरपाई कुठून आणि कशी मिळते?

प्रश्न थोडक्यात असा: "माझे मिस्टर ५० वर्षांचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शहराच्या अग्निशमन दलात २४ वर्षं फायरमन. वर्ष-दीड वर्ष जिना चढताना धाप लागते, कानाने कमी ऐकू येतं. छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार, सांगितलंय. ऑफिसमधले म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या, सगळं लवकर मोकळं होईल. नोकरीमुळे आजार झाला म्हणून वेगळं काही मिळतं का? पूर्वी ते विडी ओढायचे, त्यामुळे काहीच मिळणार नाही असंही एकाने सांगितलं."

ताई, आधी एक सांगतो आणि मग बाकीचं. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर आत्ता सही होऊ देऊ नका. झाली असेल, तर नोटिशीची मुदत संपायच्या आत अर्ज मागे घेतल्याचं लेखी पत्र द्या. ऑफिसमधल्या लोकांच्या मनात काही काळंबेरं असेलच असं नाही; त्यांना फाइल मिटलेली आवडते, एवढंच. पण त्या अर्जात 'स्वखुशीने' असं लिहिलेलं असतं. पुढे तुम्ही म्हणणार की माणूस आजारामुळे कामाला निकामी झाला, आणि समोरचा वकील तोच कागद काढून म्हणणार की हा तर स्वतःहून गेला. भरपाईचा हक्क त्याने कायद्याने बुडत नाही, पण भांडण दुप्पट अवघड होतं. शिवाय नोकरीत असताना मिळणारी दोन-तीन संरक्षणं त्या सहीबरोबर जातात. त्यांच्याकडे पुढे येतो.

आता मुख्य कायदा. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, ज्याला २०१० पासून कर्मचारी भरपाई कायदा म्हणतात, त्यात अग्निशमन दलाचे लोक नाव घेऊन धरलेले आहेत. म्हणजे 'महापालिकेचा कर्मचारी या कायद्यात येत नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. नव्या आजाराचा अर्ज संहितेखाली, जुना हक्क जुन्या कायद्याखाली. चौकट बरीचशी तीच आहे. तुमच्या मिस्टरांचा आजार दोन्हींच्या मधल्या काळात पसरलाय, म्हणून अर्जात दोन्हींचा उल्लेख करायला वकिलांना सांगा.

या कायद्यात आजारासाठी दोन वाटा आहेत, आणि लोक इथेच गोंधळतात. पहिली वाट व्यावसायिक रोगांच्या अनुसूचीची. यादीतला रोग असेल आणि त्या रोगाचा धोका असलेलं काम तुम्ही करत असाल, तर कायदा तो रोग म्हणजे कामावरचा अपघातच मानतो. कामाशी संबंध नाही हे मालकाने सिद्ध करायचं. यादीच्या 'ब' भागातल्या रोगांसाठी सलग सहा महिने नोकरी पुरते. दुसरी वाट यादीबाहेरच्या रोगांची. तिथे ओझं तुमच्यावर: अमुक घटनेत, अमुक अपघातामुळे हा आजार थेट झाला हे दाखवायचं.

सीओपीडी हा शब्द त्या यादीत नाही, हे आधीच मान्य करून चाला. पण फायरमनच्या आयुष्यात यादीत बसणाऱ्या गोष्टी आहेत. मोठ्या आवाजामुळे आलेला बहिरेपणा 'ब' भागात आहे. कार्बन मोनॉक्साइडसारख्या गुदमरवणाऱ्या वायूंचे आजारही त्याच भागात आहेत. बेंझीनची विषबाधा आहे, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) आहे. कामातल्या घटकांमुळे होणारा दमाही 'ब' भागात आहे. 'क' भागात बगॅसोसिस आहे, म्हणजे उसाच्या बुरशी धरलेल्या चिपाडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग. आपल्याकडे कारखान्याच्या बगॅसच्या गंजीला आग लागली की ती दिवसच्या दिवस आतून धुमसते, म्हणून लोकांना वाटतं हे आपल्याला लागू. जपून. तो रोग रोज बगॅसमध्ये काम करणाऱ्याचा आहे, आणि डॉक्टरने तसं निदान केलेलं नसताना ओढूनताणून लावलात तर बाकीच्या खऱ्या दाव्यावरचाही विश्वास उडतो.

पुराचंही सांगून ठेवतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बोटीवर, पाण्यात काम केलेल्या जवानांना लेप्टोस्पायरोसिस झाला असेल तर तो 'अ' भागात मांडता येतो. 'संसर्गाचा विशेष धोका असलेलं काम' असं तिथे म्हटलंय, आणि सहा महिन्यांची अट त्या भागाला नाही. असे दावे फारसे कुणी करत नाही. डिस्चार्ज कार्ड घरात कुठेतरी पडून असतं.

तर तुमच्या बाबतीत मी काय करीन? तीन गोष्टी एकत्र मांडीन. कानाचा दावा यादीतला म्हणून. छातीचा दावा यादीबाहेरचा, ठरावीक मोठ्या वर्द्यांमध्ये, म्हणजे आगीच्या कॉलवर, धूर गिळल्याच्या घटनांवर उभा केलेला. आणि दम्याचा भाग निघत असेल तर तो यादीतला म्हणून. सीओपीडी आणि व्यावसायिक दमा एकत्र असणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि ते वेगळं काढायला छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री (फुंकण्याची चाचणी) औषधाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा करून घ्यावी लागते. सोबत डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो याची चाचणी) आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन). नुसत्या एक्स-रेवर कोर्टात जाऊ नका.

विडीचं काय? लपवू नका. केसपेपरवर ती कुठेतरी लिहिलेलीच असते आणि उलटतपासणीत बाहेर येतेच. डॉक्टरांना खरं सांगा, किती वर्षं, दिवसाला किती, कधी सोडली. मग त्यांना मत द्यायला सांगा की धुराच्या कामाने आजार झाला किंवा वाढला का. आधीपासूनच्या दुखण्यात कामाच्या ताणाने भर पडली, तरी तो कामातून उद्भवलेला अपघात धरता येतो हे न्यायालयांनी मानलेलं आहे. फक्त तो ताण पुराव्याने दाखवावा लागतो. कामावर असताना हृदयविकाराचा झटका आला एवढ्यावर भरपाई मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००६ सालीच स्पष्ट केलंय.

म्हणून पुरावा. सगळी लढाई इथे आहे, आणि गंमत अशी की पुरावा मालकाच्याच कपाटात असतो. प्रत्येक वर्दीचा अहवाल लिहिला जातो: वेळ, ठिकाण, काय जळत होतं, कोणते बंब, कोण कोण गेलं, परत कधी आले. मी पाहिलेल्या एका अहवालात सूतगिरणीच्या कापसाच्या गोदामाची आग होती, काम संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी संपलेलं, आणि साहित्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'बीए सेट: निरंक'. म्हणजे अठरा-वीस तास धुरात आणि श्वासाचं एकही उपकरण नाही. लिहिणाऱ्याने रकाना भरायचा म्हणून भरला होता. त्या एका शब्दापुढे समोरच्या वकिलाला बोलायला फार काही उरलं नाही.

अशा नोंदी माहिती अधिकारात मागवा. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका. वर्षं, स्टेशन आणि कागदांची नावं लिहा: वर्दी अहवाल, हजेरी, बीए सेटच्या देखभालीचं रजिस्टर, सिलिंडर भरल्याच्या नोंदी. शेवटचे दोन फार बोलके असतात. सेट कागदावर असतात, पण सिलिंडर महिनोन्महिने भरलेलेच नसतात.

वर्द्या निवडताना ज्वाळा किती उंच होत्या ते पाहू नका. जवानांना विचारा, जास्त त्रास कुठल्या कामाला झाला. आग आटोक्यात आल्यावरचं कूलिंग, ढिगारा उपसणं, पाणी मारत राहणं, यात तोंडावर काही नसतं. सेट असला तरी तोवर काढून ठेवलेला असतो, कारण 'आता आग विझली'. धुमसणाऱ्या ढिगाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड, प्लास्टिक आणि फोमची विषारी वाफ, बारीक काजळी येतच असते. इचलकरंजीतली सुताची गोदामं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या रंग-रसायनांच्या आगी, टायर, भंगाराची दुकानं; अशा वर्द्या वेगळ्या काढा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा मदतीला गेलेल्यांपैकी ते असतील तर ती वर्दी नक्की घ्या. जुनं लाकूड, खुर्च्या, पडदे असं सगळं तिथे पेटलं होतं आणि त्या आगीबद्दल न्यायालयात वेगळं काही सांगावं लागत नाही.

नोकरीत असलेल्या तरुण जवानांसाठी एक आडवी सूचना. धुरातून बाहेर आल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय असं वाटलं तर लगेच दवाखान्यात जाऊन रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासून घ्या. साध्या हवेत ते चार-पाच तासांत निम्मं होतं, ऑक्सिजन लावला तर दीड तासाच्या आतच. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रावर भरवसा ठेवू नका; ते इथे फसतं आणि आकडा चांगला दाखवतं. दुसऱ्या दिवशी गेलात तर तपासायला काही राहिलेलं नसतं. तो एक रिपोर्ट पंधरा वर्षांनी सोन्याच्या मोलाचा ठरतो.

कर्करोगाचं वेगळं लिहितो, कारण त्याबद्दल बरीच अर्धवट माहिती फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं कामच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांसाठी पुरावा पुरेसा, आणि प्रोस्टेट, आतडं, वृषण, त्वचेचा मेलानोमा, लिम्फोमा यांसाठी मर्यादित, असं ते म्हणतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आणि कॅनडातल्या प्रांतांत फायरमनला असा कर्करोग झाला की तो कामामुळेच, असं गृहीत धरणारे कायदे आहेत. आपल्याकडे तसं गृहीतक नाही. यादीत नवीन रोग घालायचा अधिकार सरकारला आहे. संघटनांनी मोर्चे महागाई भत्त्याइतकेच यासाठीही काढावेत असं माझं मत आहे. तोवर २०२२ चं ते वर्गीकरण डॉक्टरांच्या साक्षीला आधार म्हणून वापरायचं. मात्र असे रोग निवृत्तीनंतर खूप वर्षांनी निघतात, आणि कायद्यातली सवलत नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांत लक्षणं दिसली तरच आहे. उशीर माफ करायचा अधिकार भरपाई आयुक्तांना, म्हणजे दावा ऐकणाऱ्या न्यायाधीशांना आहे, कारण पटलं तर.

मुदतीचं गणित तुमच्यासाठीही महत्त्वाचं. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. आजाराच्या बाबतीत अपघाताची तारीख म्हणजे त्या आजारामुळे सलग गैरहजर राहिल्याचा पहिला दिवस. माणूस आजारी असूनही कामावर जात असेल, तर मालकाला आजाराची नोटीस दिल्याच्या दिवसापासून दोन वर्षं मोजतात. मिस्टर किरकोळ रजा टाकत असतील तर रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहिणं आजपासून बंद. 'धाप लागते, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली' असं खरं कारण लिहायचं.

पैसे किती, हे सगळ्यांनाच हवं असतं. कायमची पूर्ण असमर्थता आली तर मासिक पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणायचं. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० ची. वय ५० ला गुणक १५३.०९. म्हणजे ९,००० गुणिले १५३.०९, होतात १३,७७,८१०. अंशतः असमर्थता असेल तर त्यातला तेवढा हिस्सा; कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं ठरलं तर ५,५१,१२४. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. महिन्याच्या आत मालकाने रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवून ठेवली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो.

यात एक खाच आहे. डॉक्टर लिहितात फुप्फुसाची क्षमता ४० टक्के कमी. कायदा विचारतो कमाईची क्षमता किती कमी. हे दोन आकडे एक नाहीत. १९७५ साली सुप्रीम कोर्टासमोर डावा हात कोपराच्या वरून गेलेला सुतार होता. एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून त्याला पूर्ण असमर्थ धरलं गेलं. फायरमनला पाठीवर सेट घेऊन शिडी चढता येत नसेल, होज ओढता येत नसेल, तर तो फायरमन म्हणून किती उरला, हा प्रश्न डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातच यायला हवा. आणि प्रमाणपत्र अशा डॉक्टरांकडून घ्या जे साक्षीला येतील. नामांकित डॉक्टर, पण तारखेला येत नाहीत, याचा उपयोग शून्य.

दावा चालतो कामगार न्यायालयात, तिथले न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून बसतात. ऑफिसने 'आपसात मिटवू' म्हणत कागद पुढे केला, तर तो आयुक्तांकडे नोंदवल्याशिवाय सही करू नका. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यात तसाही रद्दच.

आता नोकरीचं संरक्षण. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० (४) प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही, खालच्या पदावर टाकायचं नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम, तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे खास त्याच्यासाठी काढलेलं जादा पद, निवृत्तीपर्यंत. ५८ ला निवृत्ती धरली तर मिस्टरांची आठ वर्षं आहेत. आठ वर्षांचा पूर्ण पगार, वेतनवाढी, नंतर वाढलेली पेन्शन. याच्यापुढे 'सगळं लवकर मोकळं होईल' या वाक्याचा हिशेब घालून बघा. नियंत्रण कक्ष, फायर एनओसीचं टेबल, स्टोअर अशी कामं प्रत्येक दलात असतात.

अडचण अशी की त्या अधिनियमातल्या २१ प्रकारांत फुप्फुसाचा आजार नाही. कान आहे, पण तिथेही दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० डेसिबलचा ऱ्हास लागतो. सायरन आणि पंपाच्या आवाजाने आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं, ऑडिओग्रामवर ४,००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो, आणि बोलणं मात्र बऱ्यापैकी ऐकू येतं. असा माणूस भरपाई कायद्यात बसतो, दिव्यांग कार्डात बसत नाही. दोन्ही कायदे एकच समजून एकीकडे नकार मिळाला म्हणून दुसरीकडचाही नाद सोडणारे मी पुष्कळ पाहिलेत. मानसिक आजार मात्र २१ मध्ये आहे. मृतदेह काढून काढून झोप उडालेल्या जवानांनी लाज न बाळगता मनोविकारतज्ज्ञाकडे जावं.

फुप्फुसासाठी मग काय? २०२५ मध्ये तेलंगणाच्या एसटी महामंडळातल्या रंगांधळ्या ठरलेल्या चालकाला सुप्रीम कोर्टाने पर्यायी काम द्यायला लावलं. रंगांधळेपणाही त्या २१ प्रकारांत नाही. तिथे कामगार संघटनेशी झालेला करारही आधाराला होता हे खरं, पण पर्यायी काम प्रामाणिकपणे न शोधता माणूस घरी पाठवता येत नाही, हे सूत्र आपल्याला वापरता येतं. ऑफिसने ऐकलंच नाही तर रिट याचिका. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयाच्या समोर बसतं.

रुग्णता निवृत्तिवेतन हा शेवटचा पर्याय ठेवा. त्यासाठी वैद्यकीय मंडळाने माणूस सेवेला कायमचा असमर्थ आहे असं लिहून द्यावं लागतं, आणि मंडळाकडे ऑफिसच्या पत्राशिवाय जाता येत नाही. हलकं काम करू शकतो म्हणून अधिसंख्य पद मागायचं आणि त्याच महिन्यात पूर्ण असमर्थ म्हणून पेन्शन मागायची, असं करू नका. दोन्ही अर्ज एकमेकांना खातात. मिस्टर १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले, म्हणून बहुधा जुन्या पेन्शनमध्ये असतील. नंतर लागलेल्यांसाठी राज्य सरकारने ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने रुग्णता निवृत्तिवेतनाचा पर्याय दिलाय. तुमच्या संस्थेने तो स्वीकारलाय का ते आस्थापना विभागात विचारा. विशेष विकलांगता रजेचंही तिथेच विचारा. राज्याच्या रजा नियमांत कर्तव्यामुळे आलेल्या अपंगत्वासाठी ती जास्तीत जास्त २४ महिने मिळते आणि नेहमीच्या रजेतून वजा होत नाही.

ठेकेदाराकडून लागलेल्या जवानांचं वेगळं आहे. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर भरपाई कायद्याची वाट बंद, त्यांनी अपंगत्व लाभ ईएसआयकडेच मागायचा. कापत नसतील तर मूळ संस्थेवरही दावा करता येतो, फक्त ठेकेदारावर नाही.

तुम्ही या आठवड्यात एवढंच करा. साध्या कागदावर, मिस्टरांच्या नावाने, दलाच्या प्रमुखांना आणि प्रत आस्थापना विभागाला: 'मी अमुक तारखेपासून फायरमन म्हणून कार्यरत असून आगीच्या वर्द्यांवर काम करताना धुराचा व सततच्या आवाजाचा संपर्क आल्याने मला श्वसनाचा आजार व श्रवणदोष झाला आहे. वैद्यकीय अहवाल सोबत जोडले आहेत. ही कायद्यानुसार आजाराची नोटीस समजावी, व मला वैद्यकीय मंडळाकडे तपासणीसाठी पाठवून माझ्या वेतनश्रेणीतील पर्यायी काम द्यावे.' कायद्याची कलमं लिहायची गरज नाही. पोच प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक चारही आले की नाही बघून मगच तिथून निघा.